अडखळण कोणाची?

दिल्लीसारख्या परमुलखात मराठी माणसांचे कोणतेही मंडळ असो, मग ते गणेशोत्सवाचे असो, नाट्यप्रयोगांचे असो किंवा उपासनेचे असो, त्याच्या सभेत एक वाक्य हमखास कानी पडते: ‘कोणाला दुखवू नका.’ मूठभर कुटुंबे, त्यांतली निम्मी बदलीच्या नोकरीतली, सणावाराला आणि दुखण्याखुपण्याला एकमेकांवाचून ज्यांचे भागत नाही अशी माणसे; त्यांच्यात हे वाक्य शहाणपणाचे वाटावे यात नवल नाही. मी स्वतः केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहे. नस्तीवर टिप्पणी लिहिताना वरिष्ठांच्या मताला बाध येणार नाही असे शब्द निवडण्याचा सराव माझ्या बोटांना इतका झाला आहे की, त्याबद्दल दुसऱ्या कोणाला दोष देण्याचा अधिकार मला फारसा नाही. परंतु हेच वाक्य जेव्हा ख्रिस्ती सेवेच्या नावाने आणि पवित्र शास्त्राचा आधार देऊन उच्चारले जाते, तेव्हा ते शहाणपण उरत नाही. ते एक हत्यार होते, आणि त्याचा वार नेहमी एकाच दिशेने होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत कसे बनले ते प्रथम सांगतो. मी ज्या मराठी मंडळीत रविवारी संध्याकाळी उपासनेला जातो, तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशा मंडळ्या अनेक असतील. काही वर्षांपूर्वी तिच्या वार्षिक सभेत एक वृद्ध मावशी उठून उभ्या राहिल्या. त्या नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून तरुणपणी इकडे आल्या आणि इस्पितळात आयाचे काम करून निवृत्त झाल्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. आजारी गरिबांसाठी जो निधी वर्षभर जमतो, त्याचा हिशेब सभेपुढे का वाचला जात नाही? आणि सतरंज्या घालणे, प्रेमभोजनानंतर भांडी घासणे ही कामे दर वेळी ठरावीक चार घरांकडेच का येतात, आणि त्या घरांतल्या कोणालाही शास्त्रपाठ वाचण्यासाठी पुढे का बोलावले जात नाही? ती चार घरे कोणत्या वाड्यातून आलेली आहेत, हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. उत्तर मिळाले ते असे: “मावशी, सेवेला अडखळण होऊ नका. पौलाने काय सांगितले आहे, ते आठवा.” त्यानंतर प्रार्थना झाली आणि चहा झाला. मावशी पुढच्या रविवारी आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही रविवारी आल्या नाहीत.

मीही त्या सभेत होतो, आणि मी गप्प बसलो. पुढे पुष्कळ दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “अडखळण व्हायला वाटेत तरी असावं लागतं, बाबा. आम्ही तर अजून दारातच उभे आहोत.”

त्या एका उद्गाराने मला पौलाची पत्रे पुन्हा वाचायला लावली. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सहाव्या अध्यायात, सेवेला दोष लागू नये म्हणून आपण कोणालाही अडखळण होत नाही, असा त्याचा आशय आहे. इंग्रजी बायबलच्या जुन्या भाषांतरात या जागी जो शब्द आहे, त्याचा आजच्या इंग्रजी वाचकाला ‘मन दुखावणे’ किंवा ‘राग येणे’ असाच अर्थ वाटतो. आपल्या मराठी भाषांतरकारांनी मात्र ‘अडखळण’ हा शब्द योजला, आणि तो मूळ ग्रीक शब्दाला अधिक इमानी आहे. मूळ शब्दात पायाला ठेच लागण्याची कल्पना आहे. वाटेत धोंडा पडला आहे, चालणारा माणूस त्यावर आपटतो आणि पडतो. तो धोंडा म्हणजे अडखळण. एखाद्याला माझे बोलणे आवडले नाही, त्याच्या मानाला धक्का लागला, म्हणजे तो अडखळला असे होत नाही. माझ्या वागण्यामुळे त्याची देवाकडे जाण्याची वाट बंद झाली, तरच मी त्याची अडखळण झालो. हा भेद एकदा ध्यानात घेतला की त्या सभेत अडखळण कोण झाले, याचा निर्णय करणे अवघड नाही. मावशींच्या प्रश्नाने कोणाची उपासना बंद पडली? कोणाचीही नाही. मावशींना मिळालेल्या उत्तराने मात्र त्यांची स्वतःची उपासना बंद पडली.

पौलाच्या चरित्रात दोन पंक्ती आहेत, आणि या विषयावर बोलणाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. पहिली पंगत करिंथची. मूर्तीपुढे वाहिलेले मांस खावे की नाही, असा तेथे वाद होता. ज्यांना ज्ञान होते ते म्हणत, मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, तेव्हा मांस खायला हरकत कसली? पौलाला हा युक्तिवाद मान्य होता. तरीही तो म्हणाला की, माझ्या खाण्याने दुर्बळ विवेकाचा भाऊ पडणार असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. येथे सोडतो कोण आणि कोणासाठी, हे पाहा. सोडतो तो ज्ञाता, समर्थ, अधिकारी. आणि सोडतो तो दुर्बळासाठी. त्याच पत्राच्या पुढच्या अध्यायात तो आपल्या पोटापाण्याविषयी तेच सांगतो. सुवार्तेच्या सेवकाला सुवार्तेवर उपजीविका करण्याचा हक्क आहे हे सविस्तर सिद्ध करून तो शेवटी म्हणतो की, तो हक्क मी बजावलेला नाही.

दुसरी पंगत अंत्युखियाची. तेथे पेत्र हा परराष्ट्रीय बंधूंबरोबर एका ताटात जेवत होता. यरुशलेमेहून याकोबाकडची काही प्रतिष्ठित मंडळी आली, तेव्हा त्यांना काय वाटेल या भीतीने तो मागे सरला आणि वेगळा बसू लागला. आपल्याकडच्या अर्थाने पेत्राने मोठेच सौजन्य दाखवले. त्याने कोणाला ‘दुखवले’ नाही. पण पौलाने काय केले? त्याने सर्वांच्या देखत, तोंडावर पेत्राचा निषेध केला, आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ती गोष्ट लपवली नाही. ज्या माणसाने भावासाठी मांस सोडण्याची तयारी दाखवली, त्यानेच मंडळीच्या आधारस्तंभाला चारचौघांत खडसावले. यात विसंगती काही नाही. करिंथला समर्थाने दुर्बळासाठी आपला हक्क सोडायचा होता. अंत्युखियात समर्थांची मर्जी राखण्यासाठी दुर्बळांना ताटावरून उठवले जात होते. सेवेला अडखळण होऊ नका हे वचन मावशींना ऐकवणाऱ्यांनी करिंथची पंगत आठवली आणि अंत्युखियाची विसरली. वस्तुतः पहिलीही त्यांना नीट आठवली नाही.

हा विसर नवा नाही. आपल्या देशात त्याचा मोठा इतिहास आहे. रॉबर्ट दि नोबिली हा इटालियन जेझुइट 1606 साली मदुरेला आला. परदेशी पोशाख आणि मांसाहार यांमुळे ब्राह्मण आपल्याजवळ येत नाहीत हे पाहून त्याने भगवी वस्त्रे धारण केली, शाकाहार पत्करला, तमिळ आणि संस्कृत यांचा कसून अभ्यास केला. येथपर्यंत ही गोष्ट करिंथच्या पंगतीची आहे, आणि तिच्याबद्दल आदरच वाटतो. परंतु तो तेथेच थांबला नाही. आपल्याच धर्मसंघातला जो वडीलधारा पाद्री आधीपासून तेथे किनाऱ्यावरच्या परवांमध्ये सेवा करीत होता, त्याच्यापासून त्याने आपली राहणी आणि आपले देऊळ वेगळे केले. पुढे खालच्या मानलेल्या जातींसाठी निराळे धर्मगुरू, वरच्या जातींसाठी निराळे, अशी व्यवस्था त्या मिशनात रूढ झाली. 1623 साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी शेंडी, जानवे इत्यादी चालीरीती ठेवण्यास संमती दिली. उच्चवर्णीयांना अडखळण होऊ नये म्हणून केलेला हा सारा प्रपंच होता. मग ज्यांना वेगळ्या दाराने यावे लागले, त्यांच्या पायाला ठेच लागली नसेल काय? त्यांचा विचार कोणी केला?

प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी यावर फार बोट दाखवू नये. दक्षिणेतल्या त्यांच्याही देवळांत बसण्याच्या जागा आणि प्रभुभोजनाचा क्रम जातीनुसार चालत असे. कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी 1833 साली पत्र काढून, हे भेद मंडळीतून ताबडतोब व कायमचे गेलेच पाहिजेत असे फर्मावले, तेव्हा तंजावरकडील अनेक उच्चवर्णीय ख्रिस्ती कुटुंबे रागाने बाहेर पडली. त्या वेळीही कोणी ना कोणी म्हणालेच असेल की, बिशपसाहेबांनी इतके दुखवायला नको होते. आज मात्र त्या पत्राबद्दल लाज वाटावी असे काही नाही. लाज वाटते ती त्याच्या आधीच्या मौनाची.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. कारण अडखळण टाळणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला शिकवण्यासाठी मदुरेपर्यंत जावे लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. त्या कृत्याने किती जण दुखावले याची गणती नाही. घर मोडले, आप्त तुटले, लक्ष्मीबाईंनी पाच वर्षे जे सोसले ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’च्या वाचकांना सांगायला नको. टिळकांनी सत्य वाटले ते कोणाच्या भावनेसाठी लपवले नाही. परंतु पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या तेव्हा त्यांचे सोवळे त्यांनी जबरदस्तीने मोडले नाही. ते त्यांच्याच विचाराने गळून पडेपर्यंत वाट पाहिली, आणि 1900 साली त्यांनी स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. अहमदनगर म्हणजे आजचे अहिल्यानगर. तेथे अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत असताना टिळकांनी परकी चाल आणि परकी भाषा बाजूला सारून भजन, कीर्तन आणि अभंग उपासनेत आणले. देवाकडे जाण्यासाठी मराठी माणसाला आपले मराठीपण दाराबाहेर ठेवावे लागू नये, हा त्यांचा आग्रह होता. हाच वाटेतला धोंडा उचलणे. आणि 1917 साली त्यांनी मिशनच्या पगाराचाही त्याग केला, साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना बोलावले. ही कल्पना मिशनच्या चौकटीत सहज बसणारी नव्हती. तरीही ‘साहेबांना वाईट वाटेल’ म्हणून ते थांबले नाहीत. दोन वर्षांनी, 1919 च्या मे महिन्यात, ते गेले. टिळकांनी जे जे सोडले ते स्वतःचे होते. दुसऱ्याचे काही सोडून देण्याची उदारता त्यांनी दाखवली नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण अधिक कठीण आहे, म्हणूनच ते टाळू नये. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. तेथील ब्राह्मण मुलींना आपला आहार आणि सोवळेओवळे पाळण्याची मोकळीक होती. स्वतः रमाबाई इंग्लंडात असतानाही शाकाहारीच राहिल्या होत्या. अन्नाच्या बाबतीत त्यांनी कोणाच्या पायाखाली धोंडा ठेवला नाही. परंतु त्यांच्या खासगी प्रार्थनेला काही मुली येऊन बसू लागल्या, आणि दार बंद करून प्रार्थना करावी, मुलींना येऊ देऊ नये, अशी अपेक्षा पुढे आली, तेव्हा त्यांनी ती मानली नाही. 1893 साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. मला येथे पालकांची बाजूही दिसते. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या आश्वासनावर त्यांनी मुली पाठवल्या होत्या, आणि आश्वासनाबद्दल प्रश्न विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. पण रमाबाईंनी कोणाची मर्जी राखण्यासाठी आतले एक आणि बाहेरचे एक असे केले नाही, हेही तितकेच खरे आहे. त्यांनी उघड्या दाराची किंमत मोजली. प्रश्न विचारणाऱ्यांना ‘तुम्ही सेवेला अडखळण होता’ असे सांगून सुटका करून घेतली नाही.

आणि ज्या दिल्लीत मी हे लिहीत आहे, तिच्यातही एक धडा आहे. चार्ल्स फ्रिअर अँड्र्यूज 1904 साली येथील सेंट स्टीफन्स महाविद्यालयात शिकवायला आले. त्या वेळी महाविद्यालय काश्मिरी दरवाजाजवळ होते. 1906 साली प्राचार्यपद रिकामे झाले तेव्हा अनुभवाने आणि योग्यतेने पुढे होते ते सुशीलकुमार रुद्र. परंतु इंग्रज अध्यापकांच्या वर हिंदी माणूस बसवला तर पुष्कळांना ते रुचणार नाही, अशी शंका होती. अँड्र्यूज स्वतः त्या जागेवर बसू शकले असते. त्यांनी रुद्रांच्याच नियुक्तीचा आग्रह धरला आणि आनंदाने त्यांच्या हाताखाली काम केले. रुद्र त्या महाविद्यालयाचे पहिले हिंदी प्राचार्य झाले; गांधीजी दिल्लीत येत तेव्हा पुढे त्यांच्याच घरी उतरत. अँड्र्यूज यांनी सत्ताधारी जमातीच्या भावना जपल्या नाहीत. त्यांनी आपली खुर्ची सोडली. सेवेला त्या दिवशी दोष लागला नाही, भूषणच लागले.

या साऱ्यावर आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा की, आपण ख्रिस्ती लोक या देशात थोडे, त्यांत परप्रांतातले मराठी ख्रिस्ती तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अशा वेळी घरातली धुणी चव्हाट्यावर धुतल्याने बाहेरच्यांना हसायला फावते. मी उलट विचारतो: घरातली धुणी घरात तरी धुतली जातात काय? मावशींनी प्रश्न चव्हाट्यावर विचारला नव्हता, मंडळीच्या सभेत विचारला होता. जे घरात बोलू देत नाहीत तेच माणसाला चव्हाट्यावर ढकलतात. भारतातील कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर 2016 मध्ये दलितविषयक धोरण जाहीर करताना, अस्पृश्यता आपल्या चर्चमध्ये आहे, अशी उघड कबुली दिली. त्या कबुलीने चर्च कोसळले नाही. शिवाय 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती नाकारतो, याविरुद्ध आपण याच दिल्लीत निवेदने देत असतो. सरकारदरबारी आम्ही सांगतो की, धर्म बदलला तरी जातीचा जाच संपलेला नाही; आणि तो जाच आपल्याच सतरंजीवर कोणी दाखवला की म्हणतो, ‘अडखळण होऊ नका.’ ही दोन्ही तोंडे एकाच माणसाला शोभत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. स्पष्टवक्तेपणाच्या नावाखाली कित्येक जण केवळ आपली भडास काढतात, पाळकाच्या बायकोच्या साडीपासून मुलांच्या शाळेपर्यंत सर्वांची उणीदुणी काढतात, आणि सेवा करणाऱ्याचे जगणे कठीण करतात. हे खरे आहे, आणि असे वागणे निंद्य आहे. त्याचप्रमाणे परधर्मीयांच्या दैवतांची टवाळी करणारी पत्रके वाटून एकोणिसाव्या शतकात काही मिशनऱ्यांनी जो कडवटपणा निर्माण केला, तोही निंद्यच. जस्टिन अॅबट यांच्यासारख्या अमेरिकन मराठी मिशनच्या माणसाने निवृत्तीनंतर महिपती आणि तुकोबा इंग्रजीत नेण्यात आयुष्याची अखेरची वर्षे घालवली, हा त्यावरचा उतारा होता. मी उद्धटपणाची वकिली करीत नाही. मी एवढेच म्हणतो की, ‘अडखळण होऊ नये’ ही आज्ञा ज्याच्या हाती व्यासपीठ, किल्ली आणि हिशेबाची वही आहे त्याने प्रथम स्वतःला लावून घ्यायची आहे. ती सतरंजीवर बसलेल्या माणसाच्या तोंडावर बांधायची पट्टी नव्हे. सेवकाने आपला मान सोडावा, आपली सोय सोडावी, प्रसंगी पगारही सोडावा. गरिबांच्या निधीचा हिशेब सोडून देण्याचा मात्र त्याला अधिकार नाही, कारण तो त्याचा नाही.

तेव्हा आपल्या मंडळ्यांनी, आणि केवळ ख्रिस्ती मंडळ्यांनीच नव्हे तर परप्रांतातल्या साऱ्याच मराठी मंडळांनी, एक साधी चाल पाडावी. ‘कोणाला दुखवू नका’ असे म्हणण्यापूर्वी, दुखावेल तो कोण आणि गप्प बसावे लागेल तो कोण, हे दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. गप्प बसणारा जर दर वेळी एकाच वाड्यातला, एकाच बाकावरचा निघत असेल, तर आपण सौजन्य राखत नसून व्यवस्था राखत आहोत, असे समजावे.

यंदाच्या वार्षिक सभेची तारीख जाहीर झाली आहे. मावशींचे गुडघे आता साथ देत नाहीत. त्या येतील असे वाटत नाही. त्यांचे दोन्ही प्रश्न मी त्यांच्याच शब्दांत कागदावर लिहून घेतले आहेत आणि ते मीच विचारणार आहे. मला पौलाचे वचन ऐकवले जाईल, हे मी धरून चाललो आहे. त्या वेळी अंत्युखियाची पंगत सांगण्याइतके धैर्य मला लाभो, एवढीच वाचकांकडे सदिच्छेची मागणी आहे.